मनगटापासून कोपरापर्यंत

क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही. शेडमध्ये हातोडे, ग्राइंडर, हवेचे पंप सगळं एकदम चालू असतं. वरून सगळं नीट दिसत असेल, असं ज्यांना वाटतं ते कधी वर बसलेले नाहीत. सरळ खाली पाहिलं की सगळं सपाट दिसतं. हुकाला टांगलेला माल जमिनीपासून हातभर वर आहे की वीतभर, हे वरून कळत नाही. ते खालच्या माणसाने सांगायचं असतं, आणि हाताने सांगायचं असतं. वरच्याने तो हात पाहायचा आणि दांडा हलवायचा. माझं आयुष्य या कामात गेलं. त्यातली बहुतेक वर्षं मी एकाच माणसाचे हात पाहिले. त्याच्याबद्दल लिहितो आहे.

त्याला सगळे काटा म्हणत. तराजूचा काटा असतो तो. कुठल्याही मालाचा तोल कुठे आहे हे तो भोवती एक फेरी मारून सांगायचा, म्हणून हे नाव पडलं. अंगाने लहानखुरा, मान आखूड, चालणं भराभर. पिवळे हातमोजे वापरायचा आणि ते रोज घरी नेऊन स्वतः धुवायचा. मी एकदा त्याला विचारलं, "मोज्यांना एवढं काय जपतोस?"

"तुला वरून माझं तोंड नीट दिसत नाही. मोजे दिसतात. मळके असले तर तुझी चूक व्हायची."

"तोंड दिसत नाही हे माझं नशीब," मी म्हणालो.

"तुझं तोंड मला दिसतं रे, वरच्या. माझं नशीब बघ." तो मला नेहमी वरच्या म्हणायचा.

आमच्या शेडमध्ये एक पद्धत होती. ती त्याने बसवलेली. दुसरीकडे मी ती पाहिली नाही. माल छातीएवढ्या उंचीवर आला की तो मला थांबवायचा. मग डावा हात छातीसमोर आडवा धरायचा आणि उजव्या हाताचं बोट मनगटावर टेकवायचा. मनगट म्हणजे माल आत्ता आहे ती उंची. कोपर म्हणजे जमीन. माल जसा खाली येईल तसं बोट मनगटाकडून कोपराकडे सरकायचं. बोट मध्यावर आलं म्हणजे अर्धं अंतर राहिलं. कोपराजवळ आलं म्हणजे पाव राहिलं. बाकीचे लोक नुसतं 'खाली, खाली' असं बोट फिरवतात. त्यात किती राहिलं ते कळत नाही. काट्याच्या हातात ते कळायचं. माझ्या दांड्याला वेगाचे तीन टप्पे होते, तिसरा सगळ्यात जोराचा. पाऊण राहिलं असेल तर तिसरा टप्पा, अर्ध्याला दुसरा, पाव उरलं की पहिला. बोट कोपराला लागलं की दांडा नुसता शिवायचा आणि सोडायचा. मालाखाली अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं.

हात दाखवता दाखवता तो तोंडानेही तेच ओरडायचा. "अर्धं! पाव!" ते माझ्यासाठी नव्हतं. मालाजवळच्या माणसांसाठी होतं. त्यांचे डोळे बोल्टवर असतात, त्यांना हात बघता येत नाही. माझ्यासाठी हात, त्यांच्यासाठी तोंड. दोन्ही एकच सांगतात, या भरवशावर आम्ही सगळे काम करत होतो.

मुलीला अपूर्णांक त्याने याच हातावर शिकवले. पोरगी शाळेत गणित सोडवताना मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवायची. पुढे तिचं लग्न झालं ते आमच्याच शेडमधल्या एकाशी, मालाला साखळ्या लावणाऱ्याशी. काट्याने आधी त्याला साखळ्या अडकवताना पाहिलं, त्याची खात्री पटली, मगच होकार दिला. जावई त्याला मामा म्हणे. कामावर मामा जावयाला काडीची सवलत देत नसे.

असं चाललं होतं. मग एका सकाळी घरी चहा पिताना त्याच्या हातून कप सुटला. बोलणं बोबडं झालं, उजवा हात लुळा पडला. मेंदूत रक्ताची गुठळी. वहिनी, म्हणजे त्याची बायको, घाबरल्या होत्या पण थांबल्या नाहीत. शेजाऱ्याची गाडी काढायला लावून त्याला तडक दवाखान्यात नेलं. वेळेत पोचल्यामुळे तो वाचला. हात परत आला, बोलणं परत आलं. काही आठवडे व्यायाम केला. डॉक्टरांनी चालायला लावलं, वजन उचलायला लावलं, बेरजा-वजाबाक्या विचारल्या. सगळं बरोबर. तो कामावर परत आला तेव्हा मोजे नवे होते. त्याने ते वर करून मला दाखवले. मी भोंगा वाजवला.

पहिले दोन-तीन दिवस हलका माल होता. पेट्या, पाइप. त्यात मोजून उतरवायचं काही नव्हतं. मग एका मोठ्या प्रेस मशीनचा सांगाडा काँक्रीटच्या पायावर बसवायचा दिवस आला. जमिनीतून वर आलेल्या बोल्टवर सांगाड्याची भोकं अचूक बसायला हवीत. त्या वेळी हात मध्ये घालू नये, पहार वापरावी, असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. पण शेवटच्या क्षणी बोटाने चाचपल्याशिवाय कोणाला भरवसा वाटत नाही. त्या दिवशी बोल्टजवळ जावई बसला होता.

काट्याने मला छातीच्या उंचीवर थांबवलं. हात आडवा धरला, बोट मनगटावर. मी तिसऱ्या टप्प्याने उतरवू लागलो. बोट मध्यावर आलं. अर्धं. मी दुसऱ्या टप्प्यावर आलो. सगळं नेहमीसारखं. मग त्याचं बोट उचललं गेलं आणि मनगटाजवळ टेकलं.

पाऊण राहिलं.

माझा हात सवयीने तिसऱ्या टप्प्याकडे निघाला होता. तो गेला नाही. का गेला नाही ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आधी हात अडला, विचार मागून आला. खाली येणारा माल पुन्हा वर कसा जाईल? मी दांडा सोडला. सांगाडा लोंबकळत राहिला.

काटा चिडला. बोट मनगटावर आपटून आपटून दाखवू लागला. तोंड हलत होतं. जावई बोल्टकडे वाकलेला, त्याचा एक हात सांगाड्याखाली होता. नक्की किती खाली आहे सांगाडा? मला वरून नुसती एक चौकट दिसत होती आणि तिच्या कडेला एक माणूस.

माल टांगलेला असताना क्रेनवाल्याला केबिन सोडता येत नाही. ओरडून उपयोग नव्हता. मी खिडकीतून माझा डावा हात बाहेर काढला, आडवा धरला आणि बोट कोपराजवळ ठेवलं. इथे का? असं विचारलं. काट्याने नीट पाहिलं. जोरात मान डोलावली. हो, हो. आणि पुन्हा स्वतःचं बोट मनगटाजवळ ठेवलं.

भीती मला त्या क्षणी वाटली. त्याच्या लेखी आम्ही दोघं एकच बोलत होतो.

मी लांब भोंगा दिला. लांब भोंगा म्हणजे सगळ्यांनी मालापासून दूर व्हा. जावयाने हात काढला, उठला, वर पाहिलं, सासऱ्याच्या हाताकडे पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले. थांबा. ही एक खूण आमच्याकडे कोणीही देऊ शकतो, झाडूवालासुद्धा. बाकी सगळ्या खुणा एकाच्याच. नंतर पाहिलं तर सांगाडा आणि बोल्टची टोकं यांच्यामध्ये मूठ मावेल एवढीच जागा होती. मी तिसऱ्या टप्प्यावर गेलो असतो तर जावयाचा हात राहिला नसता.

मग सांगाडा जावयाने खूण देऊन उतरवून घेतला. मी खाली आलो तेव्हा काटा माझी वाटच बघत होता.

"झोपलास का वर? पाव म्हणून ओरडून घसा सुकला माझा!"

"तू पाऊण दाखवत होतास."

"मी? पाव, पाव म्हणत होतो. विचार यांना."

मालाजवळचे दोघं-तिघं म्हणाले, हो, पावच म्हणत होता. फोरमन आला. म्हणाला, "आकडा बरोबर सांगतोय तो. तुझ्याच चष्म्याचं बघ काहीतरी."

जावई मात्र सासऱ्याच्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही तोंडाने पावच म्हणालात. पण बोट मनगटावर होतं. मी पाहिलं."

काट्याने आपल्या हाताकडे पाहिलं. परक्याच्या वस्तूकडे बघावं तसं.

जेवणाच्या खोलीत आम्ही त्याला टेबलाशी बसवलं. मी म्हटलं, "पाव दाखव." त्याने कोपराजवळ बोट ठेवलं. बरोबर. "पाऊण." मनगटाजवळ. बरोबर. "अर्धं." बरोबर. फोरमनने खांदे उडवले आणि गेला. काट्याच्या चेहऱ्याचा रंग थोडा परत आला. जावयाने खिशातून फडकं काढलं, टेबल पुसल्यासारखं केलं आणि सहज विचारलं, "मामा, आता तोंडाने म्हणत म्हणत दाखवा. कामावर दाखवता तसं."

"पाव," काटा म्हणाला, आणि बोट मनगटाजवळ गेलं. "बघा. बरोबर आहे ना?"

त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं. सगळं त्यातच कळलं त्याला. हाताकडे बघून कळलं नाही. बोट त्याने तसंच धरून ठेवलं.

"वरच्या," तो हळूच म्हणाला, "हा काय म्हणतोय? माझा हात काय म्हणतोय ते मला सांग."

फोरमनला पुन्हा बोलावून ते दाखवलं. त्याने काट्याला त्याच क्षणी खुणांवरून काढलं आणि पुन्हा दवाखान्यात पाठवलं. चष्म्याबद्दल काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी केबिनमध्ये नवी गादी आली.

घरचे दिवस वाईट गेले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे आरशासमोर उभे राहतात आणि हातावर बोट फिरवतात. मग मला हाक मारतात, बघ बरोबर आहे का. मला त्यातलं काय कळतं? मी हो म्हणते, तर ओरडतात की बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. काल मीठ किती घालू विचारलं तर हात पाठीमागे लपवले. मीठ विचारलं हो मी!"

त्या हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

दवाखान्यात मी त्याच्याबरोबर गेलो. मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या, वयाने तरुण, बोलायला सावकाश. त्यांनी त्याला पडद्यावर नुसते हात दाखवले, चेहरा नाही, आवाज नाही. आडवा हात, त्यावर बोट. याचा अर्थ पाव की पाऊण? काटा काही बरोबर सांगायचा, काही उलट. कानात शब्द ऐकवून मग हात दाखवला की जास्त चुकायचा. मग बाईंनी त्याला ओठांत कागदाचा तुकडा धरायला सांगितला. बोलायचं नाही, नुसतं दाखवायचं. कागद ओठांत असेपर्यंत एकही चूक झाली नाही.

मी बाईंना विचारलं, असं कसं? आकडा कळतो, हात चांगला आहे, मग बिघडलं काय?

त्या म्हणाल्या, "शब्दाचा अर्थ एका कपाटात आणि हाताचा अर्थ दुसऱ्या कपाटात, असं मेंदूत नसतं. आपण बोलणाऱ्याचे शब्द ऐकतो आणि हात बघतो, तेव्हा मेंदू दोन्ही मिळून एकच अर्थ लावतो. आकड्यांचंही तसंच. पाव म्हटलं की कुठेतरी एक लांबी उभी राहते, तिला दोन टोकं असतात. यांच्या मेंदूत जिथे इजा झाली, तिथे ही सगळी सांगड बसते. नुसता हात चालवला तर टोकं जागेवर राहतात. शब्द सोबत आला की टोकं उलटतात. आणि उलटली हे त्यांना दिसत नाही, कारण बघणाराही तोच मेंदू आहे."

"आणि मला वर बसून कसं कळलं? मला तर विचार करायला वेळही नव्हता."

"तुम्हाला मी म्हटलं, चहात साखर घातली, ढवळली आणि मोजे प्यायले. काय झालं?"

मोजे म्हणताच आत काहीतरी अडखळलं होतं. मी तसं सांगितलं.

"तेच. शब्द चुकीचा आला की मेंदू अर्ध्या सेकंदाच्या आत अडखळतो. चुकीचा हात आला तरी अडखळतो. तुमच्यासाठी यांचे हात म्हणजे वाक्यच झालेलं आहे."

"हे बरे होतील का?"

"सुधारणा होईल. किती, ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं मी सांगणार नाही."

परत येताना काटा खिशात हात घालून चालत होता. मग म्हणाला, "तोंड बंद ठेवलं तर हात बरोबर आहे. मी तोंड बंद ठेवून काम करेन. ओरडायला दुसरा कोणी ठेवा."

मी म्हटलं, "तुझं तोंड बंद? तुझ्या लग्नातसुद्धा राहिलं नसेल."

"थट्टा करू नकोस," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

तो व्यायाम करत राहिला. आळस त्याने कधी केला नाही. पुढे त्याने फोरमनकडे एकच मागणी केली, एक चाचणी घ्या. मालाखाली माणूस नको, आणि वर हाच पाहिजे, म्हणजे मी. फोरमनने हो म्हटलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "खालचं मी बघतो. पण तो पुन्हा उभा राहील की नाही ते तू ठरव. तुझा दांडा आहे." हे मला नको होतं.

वाळूची पोती भरलेली लोखंडी पेटी, तिच्याखाली लाकडाचे चार ठोकळे. त्यांवर ती अलगद टेकवायची. काट्याने तोंडावर पट्टी लावून घेतली होती, जखमेला लावतात ती. जावई लांब खांबाशी उभा. मी वर चढलो. शिडीवर हात घामाने सरकत होते. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं.

पहिल्यांदा उतरवली. मनगट, मध्य, कोपर. बोट तेलावर सरकल्यासारखं गेलं. पेटी ठोकळ्यांवर बसली तेव्हा साखळीसुद्धा वाजली नाही. पुन्हा उचलली, पुन्हा उतरवली. तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. खाली फोरमन मान हलवत होता. जुना काटा समोर उभा होता आणि मला हे सगळं संपलं असं वाटायला लागलं होतं. तरी मी दर वेळी दांड्यावर बोटं सैल ठेवून बसलो होतो.

चौथ्यांदा पेटी अर्ध्याच्या खाली आली असताना एक ठोकळा तिरका झालेला जावयाला दिसला. नियम माहीत असलेला माणूस, पण तिरका ठोकळा त्याला बघवेना. तो धावत आला आणि सरळ करायला खाली वाकला. त्याचा हात पेटीच्या सावलीत गेला.

काट्याने ते पाहिलं. पट्टी एका बाजूने उचकटून लोंबताना मला वरून दिसली. त्याचं तोंड उघडलं. तो काय ओरडला ते नंतर कळलं. "हात काढ! पावच राहिलंय!"

आणि बोट मनगटाशी गेलं.

मी आधीच थांबलो होतो. पेटी जिथल्या तिथे होती. जावयाने हात ओढून घेतला आणि मागे पडला. कोणाला काही झालं नाही. काटा वर माझ्याकडे पाहत होता, मग थांबलेल्या पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी का थांबलो, हे त्याला पेटीवरून कळलं. तेव्हाही बोट मनगटावरच होतं.

मी विचार करत होतो, याला काय सांगू? तुझी चूक नाही, जावयाने यायला नको होतं, हे खरं होतं. पण मालाजवळ माणसं येतात. कधी ना कधी कोणीतरी वाकतंच. आणि त्या वेळी गप्प उभा राहील असा काटा नव्हता. गप्प राहिला असता तर तो वाईट माणूस झाला असता.

मला ठरवावं लागलं नाही. त्याने दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावर फुली केली. थांबा. ही खूण त्याची कधी चुकली नाही. तिला दोन टोकं नाहीत. तो ती कितीतरी वेळ धरून उभा होता. मी भोंगा दिला तरी हात खाली येईनात. शेवटी जावयाने जाऊन ते धरून खाली आणले.

त्यानंतर काट्याने खूण दिली नाही. नोकरी संपेपर्यंत तो साखळ्या तपासायच्या खोलीत बसला. एकेक कडी बोटांनी चाचपायचा, तडा सापडला की खडूने खूण करायचा. त्याने पास केलेली साखळी तुटली नाही. माझ्यासमोर जावई उभा राहू लागला. त्याचं बोट स्वच्छ फिरायचं, तरी दर वेळी ते मध्याच्या पुढे गेलं की मी क्षणभर थांबायचो. फोरमन म्हणायचा, हळू झालास. झालो होतो. ती धास्ती मी निवृत्त होईपर्यंत गेली नाही. अजूनही कोणी बोलताना हात हलवू लागलं की मी शब्द सोडून हात बघत बसतो.

आता मी अधूनमधून त्याच्या घरी जातो. तो हात मांडीखाली घेऊन बसतो. बोलतो पुष्कळ, हात बाहेर काढत नाही. गेल्या खेपेला वहिनींनी किटली आणली आणि त्याला विचारलं, "किती ओतू?"

"अर्धा," तो म्हणाला. आणि मांडीखालून दोन्ही हात काढून, डावा आडवा धरून, बरोबर मध्यावर बोट ठेवलं. मी नकळत खुर्चीत पुढे सरकलो.

"घाबरू नकोस, वरच्या," तो म्हणाला. "अर्धं कुठल्याही टोकाकडून मोजलं तरी अर्धंच. तेवढंच दाखवतो मी हल्ली."

"म्हणून कधी पूर्ण कपभर चहा घेत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "पोळी अर्धी, भात अर्धा."

"मग पुन्हा अर्धा मागतो ना!" तो म्हणाला आणि हात पुन्हा मांडीखाली घातले.